उतरलेल्या खांद्याचा कोट

मी एक काळा कोट बोलतोय. घाबरू नका, आत कुणी नाही. म्हणजे मला तरी तसं वाटत नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानातला. ज्याच्या मापाने मला बेतलं, तो गृहस्थ मला न्यायला आलाच नाही. दोन वर्षं मी खुंटीवर त्याची वाट पाहिली. शिंपी आपला म्हणायचा, "येईल, येईल." शेवटी एक बाई आल्या. मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटोसाठी हवाय. कुणाला नीट बसला नाही तरी चालेल, समोरून दिसला की झालं." असा अपमान कुणाचा होऊ नये. पण गेलो मुकाट्याने.

त्या बाई म्हणजे आमच्या ताई. घरातच फोटो काढतात. मधली खोली हाच स्टुडिओ. बेल वाजली की दोरीवरचे कपडे खाली, पलंग भिंतीला, पांढरा पडदा वर आणि ताईंची आई चहाचा कप उचलून स्वयंपाकघरात. माझी जागा दारामागच्या खिळ्यावर.

ओळखपत्राचा फोटो हवा असला की लोक मला चढवतात. माणूस बारीक असला तर ताई मागून मला कपड्यांचे चिमटे लावतात. समोरून साहेब, मागून वाळत घातलेलं धुणं! आणि माणसांची गंमत अशी, की मी अंगावर आलो रे आलो की सगळे आधी माझ्या खिशात हात घालतात. काही सापडणार नाही हे ठाऊक असतं, तरी घालतात. मग मान ताठ होते. ताई म्हणतात, "हनुवटी खाली, हसू नका," आणि नेमकं तेव्हाच हसू फुटतं.

दुसरं काम जरा वेगळं. कुणी गेलं की घरची माणसं घोळक्यातला एखादा फोटो घेऊन येतात. बोट ठेवून सांगतात, "एवढा चेहरा घ्या आणि कोट चढवून द्या." जन्मभर बनियनवर वावरलेला माणूस गेल्यावर मात्र कोटात पाहिजे. त्यासाठी ताईंना कॉम्प्युटरमध्ये नुसता कोट हवा होता, खांद्यांसकट, वर डोकं नसलेला. हँगरवर टांगून पाहिलं, तर मी अगदीच मरगळलेला दिसलो. आत कुणीतरी जिवंत हवं होतं.

तेव्हा ताईंनी आपल्या धाकट्या भावाला धरलं. घरात त्याला भावड्या म्हणायचे. घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवायचा. डाव्या खांद्यावर वाहून वाहून तो खांदा दोन बोटं खाली उतरला होता. लहानपणी गालावर उकळतं पाणी सांडलं होतं, त्याचा डाग होता. त्यामुळे कॅमेरा दिसला की स्वारी पसार. बहीण फोटोवाली, आणि याचा एक धड फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मुंडकं कापणार असशील तर बसतो, तायडे," तो म्हणाला.

"मुंडकंच कापायचंय तुझं. बस गुपचूप."

तो बसला. खरं सांगतो, त्या दिवशी एकही चिमटा लागला नाही. बाह्या बरोबर मनगटावर आल्या, पाठ पाठीला लागली. शिंप्याकडे मी ज्याची वाट पाहिली तो हाच की काय, असं मला वाटून गेलं. भावड्याने मात्र खिशात हात घातला नाही. इतक्या माणसांत तो एकटाच.

ताईंनी फोटो घेतला, कॉम्प्युटरवर त्याचं डोकं पुसलं. पुसलेला फोटो नव्या नावाने ठेवायचा असतो, म्हणजे मूळचा शाबूत राहतो. पण नेमकी तेव्हाच आई आतून ओरडली, "अगं, दूध उतू चाललंय!" ताई उठता उठता बटण दाबून गेल्या. मूळ फोटोवरच डोकं नसलेला फोटो बसला. कॅमेऱ्यातलं कार्ड त्याआधीच रिकामं केलं होतं.

"गेला की रे तुझा फोटो!" ताई हळहळल्या.

"पीडा गेली," म्हणून भावड्या हसत सुटला.

पुढे चार वर्षं त्याच खांद्यांवर ताईंनी गावभरच्या गेलेल्यांचे चेहरे बसवले. भावड्या सिलिंडर घेऊन घराघरांत जायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा, "आज तीन घरांत मी भिंतीवर होतो. एकीकडे मास्तर, एकीकडे कुणाचे तरी आजोबा. डावा खांदा बघितला की ओळखतो मी मला."

"शुभ बोल रे मेल्या!" आई म्हणायची. तिलाही हसू यायचं.

एका दुपारी सिलिंडर वर पोचवून तो जिना उतरत होता. तिसऱ्या पायरीवर जरा बसला. तो उठलाच नाही.

आठ-दहा दिवसांनी आई ताईंच्या खुर्चीशी येऊन उभी राहिली. "त्याचा मोठा फोटो करून दे. समोर काहीतरी हवं गं मला."

ताईंनी सगळं धुंडाळलं. लायसनवरचा नखाएवढा चेहरा मोठा केला, तर नुसते करडे चौकोन. मित्रांच्या मोबाइलमध्ये शोधलं, तर प्रत्येक फोटोत त्याने तोंडासमोर हात धरलेला. ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये गावातल्या हजारो माणसांचे चेहरे होते आणि भावाचे फक्त खांदे.

"गावाचे चेहरे सांभाळलेस," आई म्हणाली, "माझ्या लेकराचा तेवढा पुसलास." त्या दिवशी त्यांनी पडदा वर केलाच नाही.

त्यानंतर आई दुपारची बाहेर पडू लागली. कुणाच्याही घरी जायची, पाणी मागायची आणि भिंतीवरच्या फोटोसमोर बसायची. एका घरात तिने फोटोच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. त्या घरची सून घाबरली. "आजी, ते आमचे सासरे."

"चेहरा तुमचा आहे, बाई," आई म्हणाली. "बाकीचा माझा आहे."

हे कानावर आल्यावर ताईंनी ती फाइल वापरायची नाही असं ठरवलं. मला खुर्चीच्या पाठीवर नीट चढवलं, आतून पुठ्ठा घातला, खांदे फूटपट्टीने मोजले. फोटो काढला. कॉम्प्युटरवर पाहिलं, तर डावा खांदा दोन बोटं खाली. ताईंनी मला पुन्हा सरळ केलं. पुन्हा तेच. मग एक बँकेतला कारकून फोटोसाठी आला, काठीसारखा ताठ.

"डावा खांदा वर घ्या जरा."

"सरळच बसलोय की हो, ताई!"

सरळच बसला होता तो, मी सांगतो ना. तरी फोटोत खांदा उतरलेला आला. कारकून खुर्चीवरून उठला, खिशात घातलेला हात चटकन बाहेर काढला आणि बोटं बघत राहिला. "आत ऊब आहे," म्हणाला. पुन्हा काही तो आमच्याकडे आला नाही.

तुम्ही विचाराल, हे तू करतोस का? देवाशपथ नाही. मला कापडाला काय कळतंय? पण कधीकधी भर दुपारी, घरात कुणी नसताना, माझ्या डाव्या खांद्यावर काहीतरी जड ठेवल्यासारखं वाटतं. भीती वाटते हो. आणि ते उतरलं की एकटं वाटतं, ते त्याहून वाईट.

ताईंनी मला पिशवीत भरलं, देऊन टाकायला. आईने पिशवी हातातून घेतली. मला बाहेर काढून खिळ्यावर अडकवलं आणि कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"ती फाइल मोठी करून छाप."

"आई, अगं, डोकं नाही त्याला."

"चेहरा मला पाठ आहे. तू खांदे दे."

ताई खूप रडल्या. मग छापला.

आता मधल्या खोलीत तो फोटो आहे. काळा कोट, पांढरा सदरा, कॉलर, आणि कॉलरच्या वर नुसतं पांढरं. गिऱ्हाइकं एकदा बघतात आणि दुसऱ्यांदा तिकडे बघत नाहीत. आई रोज फडकं घेऊन काच पुसते, कॉलरच्या वर, जिथे काहीच नाही तिथेच. परवा ताईंनी विचारलं, "आई, तिथे काय पुसतेस रोज?"

"घाम," आई म्हणाली. "किती जिने चढतो गं तो."

मी समोरच्या खिळ्यावर होतो. माझी कॉलर ओली होती.

आता मला कुणी घालत नाही. कोपरं विरली, अस्तर फाटलं, माझं काय व्हायचं ते होवो. तुमच्याकडे मागणं एवढंच. घरात फोटो काढणारं कुणी असेल, तर आधी घरच्यांचे काढायला सांगा, ते पळाले तरी. आणि एखाद्या दुपारी कुणी म्हातारी दारात येऊन पाणी मागेल. तुमच्या भिंतीवरच्या फोटोचा डावा खांदा जरा उतरलेला असेल, तर तिला काही विचारू नका. आत घ्या. थोडा वेळ बसू द्या तिला त्याच्याजवळ.