कोपऱ्यातलं पान

"बोलनं मंग करा, बाई. आंधी बसा," म्हणत सोमारीनं पाट पुढे सरकवला.

रुखमाबाई दारातच उभ्या राहिल्या. वाक्य पाठ करून आल्या होत्या: चार महिने भाडं नाही, आज खोली सोडा. अकरा वाजता कॉलेजची दोन मुलं सामान घेऊन येणार होती. त्यांच्याकडून आगाऊ भाडं आदेशनं, रुखमाबाईंच्या मुलानं, परस्पर घेतलंही होतं. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून ब्रह्मपुरीतली ही मागची खोलीच रुखमाबाईंचं घर चालवत होती. पण सोमारीचा नवरा लालसू राईस मिलमधला हमाल. त्याची कंबर धरली, पोतं उचलेना, आणि काम गेलं. अशा माणसाला जा म्हणायचं कसं? त्या धास्तीनं त्या दोन दिवस भद्रावतीला आदेशकडे जाऊन राहिल्या होत्या.

"मी बसाले नाई आली, सोमारी."

"माहीत हाय. पन पोरगी दोन दिसांपासून तुमची वाट पाहून राह्यली."

चुलीशेजारी सहा वर्षांची करिष्मा पळसाचं पान पुसत बसली होती. गावाहून लालसूच्या भावानं, दसरूनं, हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाचे पहिले तांदूळ पाठवले होते. आज नवं खायचं, म्हणजे नव्या पिकाचा पहिला घास घ्यायचा होता. कोपऱ्यात एका पानावर पूर्वजांसाठी मूठभर भात आधीच वाढलेला होता. सोमारीनं दुसरं पान रुखमाबाईंपुढे मांडलं.

"अवो, मले काऊन पयले?"

"छप्पर तुमचं हाय ना," लालसू भिंतीला धरून उभा राहत म्हणाला. "आमच्या घरी असंच करतेत."

"बाई, खा ना लवकर!" करिष्मा कळवळली. "तुमी खाल्ल्याबिगर मले हातबी लावू नाई देत. दोन दिस राशनचाच भात खाऊन राह्यलो आमी!"

रुखमाबाईंना हसू आलं. त्या पाटावर टेकल्या. "अन् माया पाटीवर क ते ज्ञ लिहिलं का तू?"

"ज्ञ राह्यला. त्याले किती हातपाय हायेत, बाई!"

वाफाळलेल्या भाताचा वास खोलीभर झाला होता. रुखमाबाईंनी पहिला घास घेतला. पाठ केलेलं वाक्य काही त्यांना आठवेना.

"लालसू, मी आदेशले फोन करतो. त्या पोरांले दुसरी खोली पाहाले सांगतो."

"नोका करू, बाई." लालसूनं दाराआडची चादर बाजूला केली. तिथे गाठोडी बांधून ठेवली होती; मांडलेली होती ती फक्त चूल. "दसरूचा ट्रॅक्टर येऊनच राह्यला. परवाच गेलो असतो. पन नवं घरात आलं, अन् तुमी नाई. तुमच्या आंधी खाऊन कसं निंगाव? भाड्याचं ध्यानात हाय, बाई."

ज्यांना जा म्हणायच्या भीतीनं त्या पळून गेल्या होत्या, ती माणसं त्यांच्यासाठीच थांबली होती. रुखमाबाईंनी मान खाली घातली आणि पानावरचा सगळा भात संपवला. मग त्यांनी स्वतःच्या हातानं करिष्माला वाढलं.

ट्रॅक्टर आला तेव्हा चूल विझली होती. करिष्मा पाटी परत द्यायला धावत आली.

"ठेव तुयाजवळ," रुखमाबाई म्हणाल्या. "ज्ञ पुरा झाला का मले दाखवाले ये."

अकरा वाजता कॉलेजची मुलं आली. एकानं पुस्तकांची पेटी उतरवली, दुसऱ्यानं झाडू हाती घेतला आणि झाडत झाडत कोपऱ्यापाशी थबकला.

"आजी, इथी पानावर भात पडला हाय. फेकून देऊ काय?"

"नाई रे बाप्पा. तेवढा कोपरा आज राहू दे."

मुलानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग झाडू ठेवला आणि पेटी ओढत समोरच्या भिंतीशी नेली.