हिरव्या दारावरचे चार दात

मित्रांनो, दाराने टेकून उभे राहायचे नसते. दाराने बिजागऱ्यांवर तोलून राहायचे, माणसांसाठी उघडायचे आणि वाऱ्यासाठी मिटायचे. मी मात्र गेली सात वर्षे परसातल्या पत्र्याच्या आडोशाला, गोणपाटात गुंडाळलेले, भिंतीला टेकून उभे आहे. मी एक जुने हिरवे दार आहे. माझ्यापुढे तारेचे कुंपण घातले आहे. तुम्ही म्हणाल, दाराला कुंपण कशाला? दार काय पळून जाणार आहे? तेच सांगायचे आहे. ऐका, आणि मग हवी तर माझ्याकडे पाठ फिरवा. मला राग यायचा नाही.

माझा जन्म एका अबोल सुताराच्या हातून झाला. तो दिवसाकाठी चार शब्द बोले, त्यांतले तीन लाकडाशी. मला चौकटीत बसवून त्याने एका बोटाने ढकलले. मी आवाज न करता मिटले. "झालं," तो म्हणाला, आणि हत्यारे गोळा करून निघून गेला. माझे एवढे कौतुक पुन्हा कोणी केले नाही.

घराच्या पहिल्या मालकीणबाईंना हिरव्या रंगाची भारी हौस. "मला रस्त्याच्या टोकावरून माझं घर ओळखू आलं पाहिजे," त्या म्हणायच्या. रंगाऱ्याने तेलात सफेदा कालवला, त्यात हिरवा रंग घोटला आणि मला पहिला हात दिला. "बाई, हा रंग ऊन खाईल, पाऊस खाईल, पण जागचा हलायचा नाही," तो म्हणाला. ते खरे निघाले. पुढे दर काही वर्षांनी माझ्यावर नवा हात चढत गेला. जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा. लोक पत्ता सांगताना म्हणायचे, "हिरव्या दारापासून उजवीकडे वळा." मी फुगून जायचे. पावसाळ्यात तर खरोखरच फुगायचे.

पुढे बाईंची नजर गेली. मग त्या मला हाताने ओळखू लागल्या. आत येताना माझ्या कडेवरून बोटे फिरवायच्या. एके दिवशी त्यांना माझ्यातूनच बाहेर नेले, आणि मला कुलूप लागले. ते अकरा वर्षे निघाले नाही. माझ्या बिजागऱ्या गंजल्या. माझा रंग माशाच्या खवल्यांसारखा सुटू लागला. मुले येता-जाता माझ्यावर चेंडू मारत. तेही मला बरे वाटे. कोणीतरी दार वाजवते आहे, असे वाटे.

आणि मग एका सकाळी कुलूप निघाले. बाईंची भाची आली होती, तिचा नवरा आणि तीन महिन्यांची मुलगी.

"मावशीचं दार!" भाची म्हणाली आणि तिने माझ्या कडेवर हात ठेवला. अगदी तिथेच, जिथे मावशी ठेवायची.

भाची टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. नवरा घड्याळे दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजी म्हणत. मुलगी रांगायला लागल्यावर दिसेल त्या वस्तूच्या मागे जायची, म्हणून तिला मुंगी म्हणू लागले. नाव कागदावर दुसरेच होते, पण ते कागदालाच ठाऊक.

त्या घराला काय दुरुस्त नको होते? छप्पर गळत होते, नळ कण्हत होते, भिंतींचा गिलावा हात लावला की अंगावर यायचा. माणसे एका खोलीत राहायची आणि दुसरी खोली दुरुस्त व्हायची. पाळणा या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. सिमेंटच्या पोत्यावर दुपट्यांची चळत, रंगाच्या रिकाम्या डब्यात खुळखुळे, आणि बादलीत बसून आंघोळ करणारी मुंगी.

"अहो, आज पोरगी कुठं निजवू?" भाची विचारायची.

"कालच्या खोलीचं छत आज पाडायचं आहे. आजच्या खोलीत निजव."

"आणि उद्या?"

"उद्याचं घड्याळ उद्या बघू."

"तुमचं घड्याळ दुकानात ठेवून येत चला. घरात मुंगीचंच चालतं."

असे ते भांडायचे, हसायचे, आणि भिंतीच्या भेगांत लांबी भरायचे. अकरा वर्षांच्या शांततेनंतर तो गलबला मला गोड लागे.

मुंगी अकरा महिन्यांची झाली तेव्हा माझी पाळी आली. भाचीने हट्ट धरला होता, "बाकी काहीही बदला, पण मावशीचं दार तेच राहील. तेच आणि तसंच हिरवं." मग घड्याळजीने ठरवले, हे काम दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाही. भाची टपालात असायची तेव्हा तो दुपारी दुकान बंद करून घरी यायचा. मुंगीला माझ्यासमोर सतरंजीवर बसवायचा आणि बारीक काचकागदाने मला घासायचा. काम कसे? घड्याळजीसारखेच. बोटभर जागा घ्यायची, ती आरशासारखी करायची, मगच पुढे सरकायचे. तीन महिने तो मला घासत होता.

सुरुवातीलाच एकदा कोपऱ्यावरचे रंगारीकाका काठी टेकत आले. माझा शेवटचा हात त्यांनीच तरुणपणी दिला होता. डावा हात काठीवर, उजवा सदऱ्याच्या खिशात.

"घड्याळजी, कोरडं घासू नकोस," ते म्हणाले. "पाणी मार, ओलं करून घास. आणि लेकराला इथनं हलव. या जुन्या रंगाची धूळ वाईट."

"काका, पाण्याचं तेवढं नाव काढू नका. आमच्या धंद्यात पाण्याचा एक थेंब म्हणजे घड्याळाचा खून. लाकूडही फुगेल."

भाची नुकतीच कामावरून आली होती. ती हसत म्हणाली, "काका, यांच्यापुढे पाण्याचा विषयच नको. हे आंघोळीलासुद्धा दोनदा विचार करून जातात!"

सगळे हसले. काकाही हसले. "बरं बाबा, तुझं दार, तुझी मर्जी," म्हणाले. खिशातला हात त्यांनी बाहेर काढला नाही. काठी टेकत निघून गेले.

मित्रांनो, तेव्हा मीही हसले असते, मला तोंड असते तर.

घड्याळजीला एक सवय होती. घड्याळाचे चाक साफ केले की तो त्यावर हलकेच फुंकर मारायचा. तसेच तो माझ्यावर करायचा. दहा वेळा घासले की एकदा, फू! हिरवी-पांढरी भुकटी उडायची, उन्हात तरंगायची आणि सतरंजीवर बसायची. मुंगी खदखदून हसायची. मग तो मुद्दाम गाल फुगवून जोरात फुंकायचा. ती आणखी हसायची. मग तिनेही गाल फुगवले. तिचा पहिला शब्द "आई" नव्हता, "बाबा" नव्हता. "फू" होता.

"बघा, पोरगी बापाच्या धंद्यात पडली!" भाची म्हणाली. तिने लटका रुसवा धरला, पण दोन दिवसांत सगळ्या टपाल कचेरीला सांगून आली.

मला धरूनच मुंगी उभी राहायला शिकली. दात शिवशिवायचे, तेव्हा ती माझ्या खालच्या कडेला तोंड लावायची आणि चावायची. वर दोन, खाली दोन, असे चारच दात होते तिला. त्यांच्या खुणा माझ्या कडेवर उमटल्या. माझा रंग गोडसर लागतो म्हणे. मला काय ठाऊक? मला वाटले, मीच तिला आवडते. साठ वर्षांत मला कोणी एवढे जवळ घेतले नव्हते.

मग मुंगी जेवेना. पोट धरून रडायची, रडता रडता पाय पोटाशी घ्यायची. सगळे म्हणाले, दात येताहेत. तिचे गाल उतरले, रंग मेणासारखा झाला. सगळे म्हणाले, दात येताहेत. तिच्याजवळ पाच शब्द जमले होते. फू, आई, बा, टिक आणि दे. ते एकेक करून नाहीसे झाले. आधी दे गेले, मग टिक. भाची तिच्यासमोर बसून म्हणायची, "आई म्हण, मुंगे. आई." ती नुसती बघायची. शेवटी फूही गेले.

एका सकाळी ती माझ्या उंबरठ्यावर बसली होती. तिचे अंग ताठ झाले, डोळे फिरले आणि हातपाय झटकू लागले. घड्याळजीने तिला उचलले आणि तो अनवाणी धावला. मी उघडेच राहिले. त्या दिवशी मला कोणी मिटले नाही.

चौथ्या दिवशी भाची इस्पितळातून कपडे न्यायला घरी आली. रंगारीकाका पायरीशी वाट पाहत उभे होते.

"कशी आहे?"

"जिवावरचं टळलं म्हणतात." तिचा आवाज टपालाच्या खिडकीवरचा होता, सपाट. "काका, डॉक्टरीणबाईंनी पहिलं काय विचारलं सांगू? घरात जुना रंग घासताय का, म्हणाल्या. त्या सफेद्यात शिसं असतं. तिच्या रक्तात गेलंय."

काका पायरीवर बसले. मग त्यांनी खिशातून उजवा हात काढला. पंजा मनगटातून लोंबत होता, पाणी न घातलेल्या झाडाच्या पानासारखा.

"आमच्यातले जे कोरडं घासायचे, त्या सगळ्यांचे हात असे झाले," ते म्हणाले. "त्या दिवशी मी हा दाखवायला हवा होता, पोरी. रंगाऱ्याचा हात असा, म्हणून लाज वाटली मला. नुसतं तोंडानं सांगितलं."

"तुम्ही सांगितलं होतं, काका," भाची म्हणाली. "मी हसले होते."

ती कपडे घ्यायला आत गेली नाही. तिचा हात माझ्या कडेकडे आला होता. वाटेतच थांबला. तिने तो मागे घेतला आणि पदराला पुसला.

संध्याकाळी घड्याळजी आला. त्याने माझ्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, मला अंगणात आडवे टाकले आणि करवत आणली. काकांनी काठी माझ्यावर आडवी धरली.

"चिरू नकोस. भुसा उडेल."

"मग जाळतो."

"धुरातून जाईल. गल्लीत आणखी लेकरं आहेत."

"मग मी याचं करू काय?" घड्याळजी ओरडला. त्याला ओरडताना मी तेवढेच एकदा ऐकले.

"काही करू नकोस. गुंडाळून लांब ठेव. आणि घर पूस, ओल्या फडक्यानं. पुसलं की पुन्हा पूस."

पाण्याच्या थेंबाला भिणाऱ्या त्या माणसाने महिनाभर दुकान उघडले नाही. गुडघ्यांवर बसून त्याने ते घर इंच इंच पुसले. फरशी, भिंती, फडताळाच्या वरची बाजू, पाळण्याची एकेक दांडी. बोटभर जागा घ्यायची, ती स्वच्छ करायची, मगच पुढे सरकायचे. बोटांची कातडी पांढरी पडून सुटू लागली, तरी तो पुसत राहिला. मी परसातून पाहत होते. सरपण होण्याचीसुद्धा सोय माझ्यात उरली नव्हती.

मुंगी घरी आली. शब्द तिच्याबरोबर आले नाहीत. "जे गेलं त्यातलं किती परत येईल, सांगता येत नाही," असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि त्यांनी खोटा धीर दिला नव्हता. आज ती आठ वर्षांची आहे. चालते, हसते, आईच्या गळ्यात पडते. बोलते थोडे, तेही मध्येच अडखळून. मागच्या खिडकीतून मला रोज संध्याकाळी ऐकू येते.

"लहान काटा कुठं आहे, मुंगे?"

"तीन... तीनवर."

"शाब्बास! मग वाजले किती?"

ती विचार करते. मीही इथे श्वास रोखून उभे असते. कधी तिला सांगता येते. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा पुसून गेलेले असते.

"असू दे," घड्याळजी म्हणतो. "घड्याळ उद्याही आहे."

भाची म्हणते, तो आता चहावरसुद्धा फुंकर मारत नाही. निवेपर्यंत बसून राहतो.

परवा वाऱ्याने माझे गोणपाट एका बाजूने सरकले. मुंगी तारेपाशी आली. तारेतून ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने गाल फुगवले.

"फू!" ती म्हणाली.

आणि वाट पाहू लागली, कोणीतरी हसेल म्हणून.

घड्याळजी मागच्या पायरीवर होता. तो धावत आला. ती त्याच्याकडे वळली. "बाबा... फू?" त्याने गाल फुगवले, मित्रांनो. मी पाहिले. पण त्यातून वारा आला नाही. त्याने तिला उचलून नळापाशी नेले आणि तिचे हात धुतले. एकेक बोट, बोटांमधली एकेक फट. ती हसत होती. तिला वाटले, हाच नवा खेळ आहे.

माझे काम जे बाहेरचे ते बाहेर ठेवण्याचे होते. ज्या दिवशी ते खरोखर करायचे होते, त्या दिवशी मला ते जमले नाही. वाईट माझ्याच अंगावर होते. म्हणून सांगते. तुमच्या घरी जुना रंग निघत असेल, तर आधी जाणत्याला विचारा. कोरडा घासू देऊ नका. कामाच्या जागी तान्ह्या भावंडांना ठेवू नका, त्यांना लांब न्या. आणि एखादे म्हातारे माणूस खिशात हात घालून काही सांगत असेल, तर हसू नका. त्यांना म्हणा, आजोबा, हात दाखवा.

माझ्या खालच्या कडेला अजून चार दातांच्या खुणा आहेत. वर दोन, खाली दोन. तुम्हाला त्या पाहाव्याशा वाटतील. तारेच्या बाहेरूनच पाहा. आणि घरी गेलात की आधी हात धुवा.