जिथे आहोत तिथेच

मोठीने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली, दुसऱ्यावर आईच्या चष्म्याचं घर, तिसऱ्यावर बाबांचा पाना. चौथ्या कोपऱ्यावर भुंग्याने आपणहून कोपर टेकवलं. हा धाकटा दिवसभर काहीतरी गुणगुणत असायचा, त्यामुळे त्याचं खरं नाव आता फक्त शाळेत उरलं होतं.

सुट्टीत मोठ्या शहरात जायचं पक्कं झालं होतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठल्याही ठिकाणाचं नाव निघालं की ते विचारत, "तिथं लिफ्ट असेल ना?" आणि मुलं डोक्याला हात लावत. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग मोठीने तारांगणाभोवती पेन्सिलीने गोल काढला.

"इथं आम्ही दोघंच जाणार. हॉटेलपासून सरळ रस्ता आहे, मी बघून ठेवलाय."

"दोघंच म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे तू नाही, बाबा नाहीत."

आईने मिठाची बरणी उचलून जागेवर ठेवायला नेली. नकाशाचा तो कोपरा गुंडाळून शहराच्या मध्यापर्यंत आला.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. लोकांना लांबचं नीट दिसावं म्हणून दिवसभर भिंगं बदलणाऱ्या या बाईला स्वतःची मुलं मात्र हाताच्या अंतरावरच लागत. त्याला कारण होतं. भुंगा नुकता चालायला लागला होता तेव्हा स्टेशनवर हरवला होता. तो सापडेपर्यंत तिचं जे झालं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी घरात एक नियम आला. चुकामूक झाली तर जिथे आहोत तिथेच उभं राहायचं, शोधायला दुसऱ्याने यायचं. बाहेर पडताना ती तो अजूनही मुलांकडून वदवून घ्यायची.

"बारा वर्षांची झालेय मी," मोठी म्हणाली.

"आणि हा दहाचा आहे. शिवाय तुमचं दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. भर रस्त्यात जुंपली तर?"

"रस्त्यात नाही भांडत आम्ही," भुंगा म्हणाला. "घरी भांडतो."

बाबा हसले आणि लगेच खोकले. "अगं, आपल्याच गावात रंगीत तालीम करू. रविवारी मी यांना बाजारात सोडतो आणि भाजी घेत रेंगाळतो. दोघं चालत घरी येऊ देत. आले, तर तारांगण त्यांचं."

"आणि आई घरीच थांबणार," मोठीने अट घातली.

"थांबेन," आई म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

रविवारी स्कूटर कोपऱ्यावरून वळली आणि आईने बाबांचा जुना रेनकोट चढवला. आभाळात औषधालाही ढग नव्हता. फोन तिने मुद्दाम घरी ठेवला, ऐनवेळी वाजून बिंग फुटायला नको म्हणून. बाजाराकडून येणाऱ्या रस्त्यावर बँकेच्या फाटकाआड ती उभी राहिली. पहारेकऱ्याने तिच्याकडे एकदा आणि आभाळाकडे एकदा पाहिलं.

दोघं आली. मोठी पुढे, भुंगा मागे गुणगुणत. आई बरंच अंतर ठेवून मागोमाग निघाली. मोठी दुकानांच्या काचांत बघत चालली होती. आता हिला आरशाशिवाय सुचत नाही, असं मनात येऊन आईला बारीकसं हसू आलं. मग वाहता रस्ता आला. मोठी कडेला थांबली आणि मागे न बघता तिने हात मागे केला. सकाळीच तिच्याशी एका खोडरबरावरून हातघाईवर आलेल्या भुंग्याने तो मुकाट्याने धरला. दोघं पलीकडे गेली आणि हात सुटले.

आईला भरून आलं. चष्मा धूसर झाला म्हणून तिने तो काढून रेनकोटला पुसला, आणि रेनकोटला काही पुसलं जात नाही म्हणून पुन्हा ओढणीला. तो डोळ्यांवर चढवला तेव्हा समोर मुलं नव्हती.

ती धावली. पुढे रस्ता खोदून ठेवला होता. डावीकडच्या गल्लीत मुलं नव्हती, उजवीकडच्या गल्लीतही नव्हती. तिला थेट ते स्टेशन आठवलं. चपलांच्या एका बंद दुकानासमोर तिचे पाय थांबले आणि पुढे जाईनात. ती आल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे तिला शोधायला कोण येणार होतं? तरीही ती उभी राहिली. भर उन्हात, रेनकोट घालून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा झेलत.

आधी गुणगुणणं ऐकू आलं.

"इथं आहे," भुंग्याने मागे वळून हाक दिली. "ताई, इथं आहे आई."

मोठी धापा टाकत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. आईने दोघांना हात लावून पाहिलं, खांद्यांना, डोक्यांना.

"तुम्ही मागे कसे आलात?"

"तू दिसेनाशी झालीस," मोठी म्हणाली. "बँकेपासून काचांत दिसत होतीस. मग एकदम नव्हतीसच."

"हा रेनकोट लांबून ओळखू येतो," भुंगा म्हणाला.

आईने रेनकोट काढून हातावर घेतला.

"मग चिडली नाहीस?" तिने मोठीला विचारलं.

"आधी चिडले होते." मोठीने आईची ओढणी खांद्यावर नीट केली. "तू मात्र इथंच उभी राहिलीस ते बरं केलंस. नाहीतर कुठं शोधलं असतं?"

तिघं घराकडे निघाली.

"तारांगणाला जा दोघं," आई म्हणाली. "मी हॉटेलवर थांबते."

मोठीने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"बरं, तारांगणाच्या दाराबाहेरच्या बाकावर."

"आम्ही बाहेर येईपर्यंत हलायचं नाही."

"नाही हलणार."

शेवटचा मोठा रस्ता आला. भुंगा संधी साधून आधीच पलीकडे पोचला होता आणि तिथून दोघींना खुणावत होता. मोठी कडेला थांबली. उजवीकडे, डावीकडे पाहिलं, आणि मागे न बघता तिने हात मागे केला.

आईने तो धरला.