शिटाखालचा गंज

धुळ्याला आग्रा रोडवर हबीबची शेड होती. शेड कसली, चार बल्ल्या आणि वर पत्रे. पण त्या पत्र्यांवर गंजाचा एवढासा डाग कुणी शोधून दाखवावा. गंजाशी या माणसाचं हाडवैर होतं. ट्रकवाले नाशिकपासून शिरपूरपर्यंत त्याचं नाव घ्यायचे ते याच एका गोष्टीसाठी. दुसरे लोक गंजावर लांबीचा लेप फासून, वरून रंग मारून गाडी चकचकीत करून देत आणि पाऊसकाळ सरला की रंगाला फोड येत. हबीब सडलेला पत्रा मुळापासून कापायचा, नवा झाळायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "माझ्या रंगाखाली गंज सापडला, तर गाडी परत आणा आणि हातोडा माझ्याच डोक्यात घाला." वीस वर्षांत असा हातोडा कुणी उचलला नव्हता.

छप्पन साली चैत्रात फैजपूरच्या तोताराम पाटलांनी आपल्या वडिलांची मोटार केळीच्या ट्रकवर लादून त्याच्याकडे पाठवली. उघड्या टपाची जुनी विलायती मोटार. वडील, जीवराम आबा, जाऊन बारा वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं मोटार गोठ्यात कडब्याखाली उभी होती. तोताराम स्वतः येऊन सांगून गेला, "आखाजीच्या सणाला बहीण माहेरी यायचीय. आई म्हणते, तिला आणायला आबांचीच मोटार जाईल. काय ते करा, पण तेवढ्यात करा."

हबीबनं पहिल्याच दिवशी मागचं बसायचं शीट उचकटून काढलं. खाली उंदरांची घरटी, काथ्या, आणि तेलकट धुळीनं काळाठिक्कर पडलेला एक भगोना, पातेलंच ते. तळाचा पत्रा पापडासारखा झाला होता, बोट लावलं की भोक. भगोना बरा दिसला, म्हणून हबीबनं त्यात रॉकेल ओतलं आणि अडकलेले नटबोल्ट भिजत घातले. मग तो छिन्नी घेऊन मडगार्डाला भिडला.

चौथ्या दिवशी लोटन आला. हा तोतारामच्या केळीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, मूळचा शिंदखेड्याकडचा. कॅबिनमधून उतरायच्या आधीच म्हणाला, "हबीबभाऊ, मालकनी माय बेबाआक्कानी निरोप देयेल शे. गंजले हात लावाना नही."

हबीबचा हातोडा वरच राहिला. "कशाला हात लावायचा नाही?"

"गंजले."

"अरे, मग मोटार माझ्याकडे पाठवली कशाला? हार घालायला?"

"मी काय सांगू भाऊ, जे सांगं ते सांगी दिधं," असं म्हणून लोटन चहा पिऊन निघून गेला.

आता झाली का पंचाईत. गंजलेली मोटार नवी करा, पण गंजाला हात लावू नका. असा हुकूम हबीबनं जन्मात ऐकला नव्हता. त्यानं शेजारच्या अभिमनला विचारलं. अभिमन नंबरपाट्या रंगवायचा आणि न विचारताही मत द्यायचा, इथं तर विचारलंच होतं. तो म्हणाला, "बाईमाणूस आहे. नवऱ्याचा हात जिथं जिथं लागला, तिथलं काही पुसलं जाऊ नये असं वाटत असेल." हबीबला ते अर्धंमुर्धं पटलं आणि त्यामुळे तो जास्तच गोंधळला. माणसाची आठवण जपावी, पण ती पत्रा खात असली तर काय करावं?

घरी गेल्यावर त्यानं बायकोपुढेही हे काढलं. हसीनाबी माहेरची वरणगावची, फैजपूरकडची माणसं तिला चांगली ठाऊक. पण घरातली बोली वेगळी. बाहेरचा गंज घरात शिरला की 'जंग' व्हायचा. हबीब म्हणाला, "फैजपूरची म्हातारी म्हणते, जंगाला हात लावू नका."

"जंगाला?" हसीनाबीनं भाकरी उलटता उलटता विचारलं. "डोकं ठिकाणावर आहे ना तिचं?"

तिथंच तो विषय संपला.

पुढच्या खेपेला हबीबनं लोटनबरोबर उलट निरोप धाडला. गंज राहिला तर रंग टिकायचा नाही, माझं नाव जाईल. सगळा नाही तर निदान थोडा तरी काढू द्या. तीन दिवसांनी उत्तर आलं. लोटन बोटं मोजत सांगू लागला, काही विसरू नये म्हणून. "आक्का म्हने, थोडा गंज काढतस का कोठे? डोकं फिरनं का त्यानं? बठ्ठा ठेव. मांगला शिटखाले आबानी जठे ठेयेल व्हता, तठेच ऱ्हाऊ दे."

गंज आबांनी ठेवला होता. हबीब खाटेवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही. गंज चढतो, गंज लागतो, गंज खातो, हे त्याला ठाऊक होतं. पण गंज ठेवणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली, जो काय तो गंज मागच्या शिटाखालचा. म्हणजे सगळ्या मोटारीतला सर्वांत वाईट.

त्यानं बाकीची मोटार जीव ओतून केली. दारांचे खालचे काठ कापून नवे झाळले, मडगार्ड लाकडी हातोड्यानं ठोकून गोल आणले, लाल अस्तराचा हात मारून वर बाटलीहिरवा रंग चढवला. आणि मागच्या शिटाखाली ताटाएवढा सडका पत्रा जसाच्या तसा सोडला. चहूबाजूंनी नवा पत्रा आणि मधे तो चट्टा. त्याला त्याची लाज वाटे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये म्हणून त्यानं वर पोतं टाकून ठेवलं. त्या आठवड्यात त्याला जेवण गोड लागलं नाही.

आखाजीला चार दिवस उरले असताना तोताराम आईला घेऊन आला. बेबाबाई साठी उलटलेली, ठेंगणी, पदर खोचलेली. मोटारीकडे बघून तोतारामचे डोळे चमकले, पण म्हातारी सरळ मागच्या दाराशी गेली. "शीट उचल, हबीबभाऊ."

हबीबनं शीट उचललं, पोतं बाजूला केलं.

"माह्या गंज कुठी हाये?"

"हा काय, आक्का." त्यानं चट्ट्याकडे बोट दाखवलं. "कानससुद्धा लावली नाही. देवाशपथ."

बेबाबाईनं चट्ट्याकडे पाहिलं, मग हबीबकडे. "हे काय दाखवतो बापा? मी गंज इचारते."

"मीही गंजच दाखवतोय."

तोतारामला काही उमगेना, तो एकदा आईकडे बघे, एकदा हबीबकडे. तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आलेली हसीनाबी शेडच्या तोंडाशी थबकली. तिनं म्हातारीचं बोलणं ऐकलं होतं आणि तिला हसू आवरेना. "अहो, गंज म्हणजे भगोना. आमच्या वरणगावला भगोन्याला गंजच म्हणतात. तुम्ही मला जंग का सांगितलंत?"

हबीबचे कान गरम झाले. भगोना समोरच होता, रॉकेलनं भरलेला, नटबोल्ट पोटात घेऊन. त्यानं गुपचूप तो रिकामा केला आणि हसीनाबीनं नळावर नेऊन राख-चिंचेनं घासायला घेतला.

म्हातारी खाटेवर टेकली. आवाज बारीक झाला होता. "माहेरचा गंज हाये तो, दुधाचा. मोटार तापली का ह्यायले पानी ओतायले तोच लागे. मी घरात न्यायची, हे पुन्हा मोटारीत ठेवायचे. गंज भांडलो, लई भांडलो आम्ही त्याच्यापायी. शेवटी एक दिवस तांबटाकडून नाव घालून आणलं अन् म्हने, आता माह्य नाव हाये त्याच्यावर, आता बोलू नको. मले कुठी वाचता येते? मी नाही बोलली. हे गेल्यावरबी म्हटलं, त्यायचा हाये, त्यायच्याच मोटारीत राहू द्या."

हसीनाबीनं गंज आणून ठेवला. काळं सगळं गेलं होतं. पितळ पिवळंधमक झालं होतं आणि काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची एक ओळ उमटली होती. तोताराम वाकला. मनातल्या मनात वाचून त्यानं आईकडे पाहिलं.

"वाच ना रे."

"आई, आबांचं नाव नाही हे. बेबाबाई लिहिलंय. नुसतं बेबाबाई."

"नीट वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. म्हातारीनं गंज मांडीवर घेतला आणि त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "खोटारडा," ती म्हणाली, "बारा वर्सं झाली जाऊन, अन् आज सांगतो."

हबीबनं कामाचंच विचारलं. "घरी नेता का, आक्का? की जिथं होता तिथं ठेवू?"

"तठीच ठेव." बेबाबाईनं पदरानं तोंड पुसलं, उठून पुन्हा एकदा शिटाखाली वाकून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "पन आधी हे सडकं काढ. कसं काम केलं रे तू? माह्या गंजाखाली गंज नको."

हबीबनं छिन्नी उचलली.