एका काळ्या टाइट्सची कैफियत

मित्रांनो, नाक मुरडू नका, मी धुतलेली आहे. मी एक जुनी टाइट्स आहे, म्हणजे थंडीत पळताना पायांना चिकटून राहणारी लांब, काळी, घट्ट विजार. वयाने मी तशी फार म्हातारी नाही. पण पुरुषमाणसांचं वागणं मी इतक्या जवळून पाहिलं आहे, की मला त्यांचा अगदी वीट आला आहे. तुमच्यात जी मुलं आहेत त्यांनी रागावू नये. तुम्ही अजून सुधारू शकता, म्हणून तर सांगायला बसले.

माझा जन्म पोहण्याचे आणि व्यायामाचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात झाला. तिथे कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवर ताई बसते. तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून कितीतरी मोठा असलेला मुकादमसुद्धा. ताणलं की ताणणारं आणि सोडलं की जागेवर येणारं कापड शिवणं सोपं नसतं. जरा हात इकडेतिकडे झाला की शिवण लाटांसारखी वरखाली होते. ताईची शिवण कधी हलत नाही. एका मोठ्या गठ्ठ्यातून आतून लव असलेलं काळं कापड उरलं होतं. मुकादमाला विचारून ताईने ते घरी आणलं.

ते आणलं तिच्या धाकट्या भावासाठी. हा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी घरात त्याला छोट्याच म्हणतात. लिफ्ट ज्या उभ्या अंधाऱ्या पोकळीतून वरखाली जाते तिला शाफ्ट म्हणतात. त्या शाफ्टमध्ये लोखंडी शिडीवर चढायचं, दोरांना वंगण द्यायचं, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं, हे छोट्याचं काम, आणि त्याचा या कामावर जीव. दुसरा जीव पळण्यावर. आदल्या हिवाळ्यात उघड्या पायांनी पळताना त्याच्या डाव्या मांडीमागचा स्नायू फाटला. किती दिवस त्याला शिडी चढता येईना. डॉक्टरांनी दम भरला, "थंडीत पाय झाकल्याशिवाय पळायचं नाही. पुन्हा तिथेच फाटलं तर मग शिडीचं विसरा." कंपनीच्या साहेबांनीही तेच सांगितलं. पुन्हा पाय गेला तर शाफ्टमधलं काम बंद, आणि गोदामात बसून नटबोल्ट वाटायचे.

म्हणून ताईने मला शिवलं. छोट्या जेवत होता तेव्हाच टेप लावून माप घेतलं. तो घास चावत म्हणाला, "अगं, मांडीला हात लावू नकोस, गुदगुल्या होतात." डाव्या मांडीमागे, जिथे दुखापत झाली होती तिथे, तिने कापड दुहेरी लावलं. ती शिवण घालताना तिने दोनदा उसवली. मला तेव्हाच कळलं की आपल्यावर काहीतरी मोठी जबाबदारी आहे. खरं सांगते, मला अभिमान वाटला होता.

पहिले दिवस सुखाचे होते. छोट्या एकटाच पळायला जायचा, अजून उजाडतही नसे. गवतावर दहिवर गोठलेलं, रस्त्याच्या कडेच्या नळाला बर्फाची शेंडी. मी त्याच्या पायांना घट्ट धरून असायची. घरी आला की आरशासमोर उभा राहून मला थोपटायचा आणि म्हणायचा, "वा! काय ऊब आहे! ताई, तुझे हात सोन्याचे आहेत." डाव्या मांडीवरून हात फिरवून, कुठे दुखत नाही ना ते बघायचा. नव्हतंच दुखत. माझं काम मी चोख करत होते.

मग थंडी वाढली, मोठी शर्यत जवळ आली, आणि छोट्याने तळ्याकाठी रोज पळणाऱ्या मंडळींबरोबर सराव करायचा ठरवलं. इथून माझं नशीब फिरलं.

या मंडळींचा म्होरक्या म्हणजे वस्ताद. त्याचं टायरचं दुकान आहे. कडाक्याच्या थंडीत तो तोकड्या चड्डीत पळतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "आपल्याला थंडीबिंडी काही वाजत नाही." मी त्याच्या मांड्या अगदी जवळून पाहिल्या आहेत. पिसं काढलेल्या कोंबडीसारखा त्यांना काटा आलेला असतो आणि रंग जांभळा पडलेला असतो. पळून झालं की हाच मनुष्य चहाच्या गाडीवर किटलीला दोन्ही हात लावून दात वाजवत उभा राहतो. एकदा तो बुटाची नाडी बांधायला वाकला, तेव्हा जाडजूड स्वेटरच्या खाली आणखी एक लोकरी बंडी दिसली. वर बंडीवर बंडी घातलेली चालते. फक्त पाय तेवढे उघडे पाहिजेत! पायांतच सगळा पुरुषार्थ साठवलेला असतो, असं या लोकांना कोणी शिकवलं असेल?

त्याच्याबरोबर दातांचे डॉक्टर असत. शिकलेला माणूस, पण नाक गळतंय आणि गुडघे लाल झालेत अशा अवस्थेत वस्तादच्या प्रत्येक विनोदावर हसायचा. एकदा त्यांच्या शेजारून एक सायकलवाला गेला. त्याची विजार माझ्याहून घट्ट आणि वर चकचकीत. सगळे थांबून बघत राहिले. वस्ताद म्हणाला, "काय सायकल आहे, राव!" सायकलवर बसलं की घट्ट विजार चालते, जमिनीवर उतरलं की ती बायकी होते. हा न्याय मला अजून कुणी समजावून सांगितलेला नाही.

छोट्याने पहिल्या दिवशी मला घालून वर सैल चड्डी चढवली होती. एवढंही मला आवडलं नव्हतं. वस्तादने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काय रे? घरातलं कुणाचं उचलून आणलंस?"

मंडळी खो खो हसली. डॉक्टरांनी रुमालाने नाक पुसत विचारलं, "नाचाच्या क्लासला जायचंय का पळायला?"

छोट्याचे पाय माझ्या आत आखडले. मला वाटलं, आता हा सांगेल. सांगेल की माझ्या मांडीचा स्नायू फाटला होता, माझ्या बहिणीने रक्ताचं पाणी करून ही शिवली आहे. पण त्याने कसंनुसं हसून मान खाली घातली.

"ताईची आहे. अंधारात चुकून घातली गेली."

मित्रांनो, ताई तेव्हा तिथेच होती. छोट्या कामाच्या पेटीची किल्ली घरी विसरला होता, म्हणून कारखान्यात जाता जाता ती सायकलवरून किल्ली द्यायला आली होती. तिने सगळं ऐकलं. वस्ताद तिच्याकडे वळून म्हणाला, "काय ताई, भावाने तुमचे कपडे पळवले की!" ताईने एकदा छोट्याकडे पाहिलं. तो बुटाकडे बघत होता. ती म्हणाली, "हो, माझीच आहे." किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि सायकलवर बसून निघून गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

शी! मला त्या पायांची तेव्हा अशी किळस आली, की शिवणी उसवून गळून पडावंसं वाटलं. घाम मी शोषून घेते, त्याचं मला काही नाही, तो कष्टाचा असतो. पण भित्रेपणाने ओशाळलेल्या माणसाला चिकटून राहावं लागणं, यासारखी घाण दुसरी नाही.

त्याच सकाळी त्याने झाडामागे जाऊन मला काढलं आणि घामाने ओली तशीच हत्यारांच्या पिशवीत कोंबलं. खाली वंगणाने बरबटलेल्या चिंध्या, वर अर्धवट खाल्लेलं केळं. तिथे मी किती दिवस पडले, मला ठाऊक नाही. पिशवी रोज त्याच्याबरोबर तळ्यावर यायची, म्हणून तिच्या फटीतून त्या मंडळींची सगळी सोंगं मला दिसायची. मला वास सुटला. माझ्या लवेवर पांढरी बुरशी धरली. पिशवी उघडली की छोट्या स्वतःच नाक दाबायचा, पाना घ्यायचा आणि मला आणखी आत ढकलायचा. रोज सकाळी उघड्या मांड्यांना भसाभसा बाम चोळून पळायला जायचा. घरी आला की लंगडायचा. ताईने विचारलं तर म्हणायचा, "काही नाही गं, बूट चावतोय."

शेवटी पिशवीचा वास घरभर पसरला, तेव्हा ताईने ती उपडी केली. मी बाहेर पडले. तिने मला हातात धरून डाव्या मांडीमागची दुहेरी शिवण चाचपली. मला वाटलं होतं ती त्याला फाडून खाईल. तिने उठून बादली भरली. मला गार पाण्यात चार वेळा धुतलं, बुरशी घासून काढली, सावलीत वाळत घातलं. बहिणीही काही कमी नसतात बरं का. भावाला लाज वाटू नये म्हणून त्या स्वतः किती गिळतात, याचाही मला संताप येतो.

शर्यतीचा दिवस उजाडला तो बोचरा वारा घेऊनच. तळ्यापासून जुन्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, अशी ती शर्यत. ताई पुलावर उभी होती, आणि मी तिच्या कोटाच्या आत, तिच्या पोटाशी. मी गरम राहावं म्हणून तिने मला तिथे ठेवलं होतं. छोट्या आला तो सगळ्यांच्या पुढे होता, पण डावा पाय ओढत होता. ताईने मला बाहेर काढलं.

"थांब. ही घाल. वेळ जाईल थोडा, पण पाय वाचेल."

तो थांबला. त्याचे ओठ निळे झाले होते आणि मांडी थरथरत होती. त्याने हात पुढे केला. त्याची बोटं मला लागली सुद्धा. मी तेव्हा सगळा राग विसरले, देवाशपथ सांगते. मनात म्हटलं, घाल रे बाबा, माझं दुहेरी कापड त्याच जागेसाठी आहे.

आणि मग त्याने मागे वळून पाहिलं. वस्ताद आणि डॉक्टर पुलाच्या टोकाला दिसत होते.

"आत्ता नको," तो म्हणाला. "ते येतायत."

"छोट्या, तुझी शिडी जाईल रे!"

"नको म्हटलं ना! लोक बघतायत." आणि तो पळाला.

पूल उतरून परतीच्या वाटेवर पहिल्याच वळणावर तो खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच. मांडी दोन्ही हातांनी धरून तो ओरडला, तो आवाज पुलापर्यंत आला. वस्ताद त्याच्याजवळून गेला. जाताना म्हणाला, "ऊठ, ऊठ, काही नाही झालं!" आणि थांबला नाही. डॉक्टर तेवढे थांबले. ताई मला हातात घेऊनच धावली. तिने मला त्याच्या मांडीवर पांघरलं. तेव्हा मात्र त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. पण आता माझा काय उपयोग होता?

स्नायू तिथेच फाटला, आणि या वेळी नीट जुळणार नाही असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं. साहेबांनी शब्द पाळला. छोट्याची जागा दुसऱ्याला गेली आणि त्याच्यासाठी गोदामात खुर्ची ठेवली.

काही दिवसांनी मंडळी त्याला भेटायला आली. वस्ताद पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "पडलास, पण मर्दासारखा पडलास!" सगळे हसले. आणि मित्रांनो, छोट्याही हसला. पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या, काम गेलेलं, आणि हा त्यांच्याबरोबर दात काढतोय. मी खुंटीवर होते. तिथून उतरता आलं असतं तर मी त्याच्या तोंडावर जाऊन पडले असते.

निघताना वस्ताद दारात रेंगाळला. बाकीचे जिना उतरत होते. त्याने आवाज खाली आणला.

"ताई, एक काम होतं. माझ्या गुडघ्यांना थंडी फार बाधते हो. तसली एक शिवून मिळेल का? काळी. जरा मोठ्या मापाची. आत घालीन, वरून पँट. कुणाला सांगू नका म्हणजे झालं."

ताईने आवाज मुळीच खाली आणला नाही.

"शिवते की, वस्ताद! काळी आणि मोठ्या मापाची. कापड आजच कापते. पण ती मागायला तळ्यावर यायचं, सगळ्यांसमोर."

जिन्यातली पावलं थांबली. वस्तादचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि तो शेपूट घालून खाली उतरला. खोलीत छोट्याने हे सगळं ऐकलं होतं. कोणाच्या भीतीने आपण आपली शिडी घालवली, हे त्याला तेव्हा कळलं असावं. डोळ्यांवर हात धरून तो रडला. मला दया यायला हवी होती. थोडी आली.

मग तो म्हणाला, "ताई, माझी टाइट्स दे."

ताईने मला खुंटीवरून काढून त्याला दाखवलं. तिने माझे पाय चार बोटं कापून, दुमडून शिवले होते. आता मी तिच्या मापाची आहे. पहाटे सायकलवर कारखान्यात जाताना ती मला घालते, वर काहीही न घालता, आणि रस्त्यातलं कुणी बघत असलं तर बघू देते. "तुझ्यासाठी दुसरी शिवीन," ती म्हणाली. "पण आधी तळ्यावर जाऊन त्यांना सांग, ती कुणाची होती आणि का शिवली होती."

मित्रांनो, मला उलटी करून गार पाण्यात धुवावं, सावलीत वाळवावं, ओली कुठे कोंबू नये. एवढी काळजी घेतली तर मी खूप टिकते. पायांची काळजी घेणं तर त्याहून सोपं आहे. थंडी वाजली तर ते झाकायचे, आणि कुणी विचारलं तर "मला थंडी वाजते" असं म्हणायचं. ताईने दोन विजारींचं कापड कापून फळीवर ठेवलं आहे, एक वस्तादची आणि एक छोट्याची. दुसरा हिवाळा आला. छोट्या काठी टेकत रोज तळ्यापर्यंत जातो, त्यांच्याबरोबर चहा पितो, हसतो आणि परत येतो. ते कापड अजून तसंच आहे.