दोन बोटांची उंची

मी एक जुनी लाकडी काठी. अंगावर लोखंडाचा एक खिळासुद्धा नाही, पण सगळा जन्म गेला तो लोखंड उचलणाऱ्यांच्या घोळक्यात. मित्रांनो, माझे वजन पाण्याच्या भरलेल्या बाटलीपेक्षाही कमी आहे. तरी मला डोक्यावर धरताना भल्याभल्यांचे हात थरथरलेले मी पाहिले आहेत. खोटे वाटते ना? मग घटकाभर बसा आणि ऐका. माझी गोष्ट फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

देवाने मला लाकूड केले आणि एका सुताराने काठी. त्याआधी मी एका मोडक्या शिडीचा दांडा होते. सुताराचा धाकटा भाऊ मुलांना वजन उचलण्याचा खेळ शिकवत असे. तो एके दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "दादा, एक काठी करून दे. सरळ, गुळगुळीत, पुरुषभर लांबीची. आणि हलकी हवी."

"हलकी? अरे, तू पोरांना वजन उचलायला शिकवतोस की झाडू मारायला?"

"पहिलं वर्षभर झाडूच समज."

सुताराने कपाळाला हात लावला. पण काम मात्र मन लावून केले. माझ्यावर रंधा फिरवला, घासकागदाने इतके घासले की कुणाच्या तळहातात कुसळ जाऊ नये. मग धाकट्याने मला खांद्यावर टाकले आणि आपल्या शाळेत नेले.

शाळा कसली, एका बंद पडलेल्या छापखान्यामागची लांब खोली ती. वर पत्रा, खाली सिमेंट आणि मधोमध जाड फळ्यांचा चौथरा. भिंतीशी लोखंडी दांडे आणि रबराच्या चकत्या रांगेने ठेवलेल्या. कोपऱ्यात हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीचे घमेले. तिथे येणारी मुले सरांना 'दमानं सर' म्हणत, कारण त्यांच्या तोंडी दिवसातून शंभरदा तो एकच शब्द असे. "दमानं घे. दमानं ऊठ. दमानं रे, गाडी सुटत नाही तुझी!"

सरांचा नेम असा होता की येणाऱ्या प्रत्येक मुलाने पहिले वर्ष फक्त मला उचलायचे. मला दोन्ही हातांत रुंद धरायचे, डोक्यावर न्यायचे आणि तसेच खाली उकिडवे बसायचे. टाचा जमिनीवर, पाठ ताठ. सोपे वाटते ना? करून पाहा म्हणजे कळेल! दंडात बेटकुळ्या असलेली मुले माझ्यासकट मागे कोलमडत.

कोणात गुण आहे हे ओळखण्याची सरांची रीतही निराळी होती. कोण किती जोर लावतो, याकडे ते फारसे पाहत नसत. एखादी हालचाल एकदाच शिकवत आणि सोडून देत. आठ दिवसांनी तीच पुन्हा करायला लावत. शिकवलेले किती उरले, ते पाहत. "जोर काय, वयाबरोबर बैलालाही येतो," ते म्हणत. "आत काय मुरलं ते बघायचं."

माझे दुसरे काम उंची मोजण्याचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मला भिंतीशी उभे करत. मूल माझ्या शेजारी पाठ लावून उभे राही. सर त्याच्या डोक्यावर एक वही आडवी धरत आणि माझ्या अंगावर पेन्सिलीने रेघ ओढून नावाचे अक्षर लिहीत. कारण त्यांचा दुसरा एक नेम होता. ज्या दिवसांत मूल झपाट्याने वाढते, त्या दिवसांत त्याचे लोखंड बंद. तीन महिने पुन्हा माझ्याकडे. हाडे पुढे पळतात आणि स्नायू मागे राहतात, मग मध्येच काहीतरी तुटते, असे ते समजावून सांगत.

एक दांडगट पोरगा एकदा कुरकुरला, "सर, मग मी जेवणच सोडतो. उंची वाढायचीच बंद होईल."

"जेव रे बाबा, दुप्पट जेव. फक्त तीन महिने या काठीशी संसार कर."

सगळे हसले, आणि तो पोरगाही हसत हसत माझ्याकडे आला. असे ते दिवस होते.

पण मित्रांनो, जगाला दम नसतो. गावाच्या पलीकडच्या टोकाला दुसरी व्यायामशाळा होती. तिथे पहिल्याच आठवड्यात हातात लोखंड देत. तिथल्या मुलांना लहानसहान पदके लवकर मिळत, त्यांचे फोटो छापून येत. आमच्या सरांना लोक 'काठीवाले' म्हणून चिडवत. कितीतरी पालक मुलांना इकडून काढून तिकडे घेऊन गेले. वीस वर्षे ते असेच वाट पाहत राहिले. त्यांच्या हाताखालून गेलेली मुले धडधाकट राहिली, पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते एक मूल काही येईना.

ते आले तेव्हा सर त्याला शोधत नव्हते. आजारी बहिणीला भेटायला ते इस्पितळात गेले होते. मागच्या बाजूला धुलाईखाना होता. तिथे काम करणाऱ्या बाईची दहा वर्षांची मुलगी आईला मदत करत होती. ओल्या चादरींची टोपली तिने जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवली. टोपली अंगाला घासून सरळ वर आली. पाठ जराही वाकली नाही. सर बहिणीला विसरले आणि तिथेच उभे राहिले.

"ताई, ही तुमची मुलगी का? हिला कुणी शिकवलं असं उचलायला?"

"कोण शिकवणार? पाठ धरली तर चादरी कोण धुणार, हे तिला कळतं," आई म्हणाली. "का हो? काही मोडलं का तिनं?"

"मोडलं नाही. माझ्याकडे पाठवाल का? वजन उचलायला शिकवतो मी."

"इथं फुकटात शिकतेच आहे की!"

पण आईने पाठवली. सरांनी ही हकिगत सांगितली तेव्हा मुलांनी पहिल्याच दिवशी तिचे नाव 'टोपली' ठेवले, आणि तिनेही ते हसून घेतले. सरांनी तिला माझ्यासह एकदाच खाली बसून दाखवले. आठ दिवसांनी तिने ते पुन्हा केले, तेव्हा शिकवलेले नुसते उरले नव्हते, वाढले होते. इतरांना तोल राहावा म्हणून टाचेखाली फळी ठेवावी लागे, तिला तीही लागली नाही. मुले घरी गेल्यावर सर मला मांडीवर आडवी घेऊन बाकावर बसून राहिले. त्यांचे डोळे भरले होते. "देवा," ते म्हणाले, "दिलंस. उशिरा का होईना, पण दिलंस."

मित्रांनो, मोठी देणगी मिळाली की माणसाची खरी परीक्षा सुरू होते. रिकाम्या ओंजळीने वीस वर्षे धीर धरणारा माणूस भरल्या ओंजळीने वीस दिवसही धरू शकेल, असे नाही.

पहिली तीन वर्षे सगळे रीतीने झाले. टोपलीने माझ्याबरोबर वर्ष काढले, मग हलका दांडा, मग छोट्या चकत्या. तिला घाई नव्हतीच. दुसऱ्यांची उचल ती टक लावून पाही आणि त्यांची चूक न बोलता आपल्या अंगातून काढून टाकी.

मग एक पत्र आले. मोठ्या शहरातल्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड होणार होती. राहणे, जेवण, शाळा, वैद्य, सगळे तिथेच. अट एकच, वय चौदाच्या आत हवे. टोपलीला चौदा वर्षे पूर्ण व्हायला चार महिने होते. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची संधी. त्याच आठवड्यात पलीकडच्या व्यायामशाळेचा मालक येऊन तिची उचल पाहून गेला. जाताना म्हणाला, "काठीवाले, हिरा आहे हो. माझ्याकडे द्या, महिन्याभरात निवडीला उभी करतो. तुमच्याकडे ही म्हातारी होईपर्यंत काठीच फिरवेल."

सर हसले. पण त्या दिवसापासून 'दमानं' हा शब्द त्यांच्या तोंडून कमी झाला.

पहिली तारीख आली. टोपली माझ्या शेजारी उभी राहिली. सरांनी वही धरली, पेन्सिल टेकवली आणि थांबले. मागच्या महिन्याची रेघ खाली होती. त्यांनी बोटे लावून पाहिली. पुरी दोन बोटे. एका महिन्यात एवढी वाढ मी कुणाचीच पाहिली नव्हती.

"सर, वाढले का मी?"

सरांनी पेन्सिल कानावर अडकवली. "नाही गं. आहेस तेवढीच आहेस. जा, अंग गरम कर."

त्या दिवशी माझ्या अंगावर रेघ पडली नाही. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण काठीने काय करावे? मला कोपऱ्यात उभे केले, आणि टोपलीच्या दांड्यावर आणखी दोन चकत्या चढल्या.

चौथऱ्याच्या फळ्या ठोकायला सुतार आला होता. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काय रे, ती पोर उंच दिसायला लागली. आणि काठी कोपऱ्यात?"

"दादा, तीन आठवडे राहिलेत. एकदा निवड होऊ दे. मग वर्षभर काठीच देतो."

"हेच वाक्य घेऊन किती बाप तुझ्या दारात आले? एकाचं तरी ऐकलंस?"

"त्यांच्या पोरांत हे नव्हतं, दादा."

"म्हणजे ज्यांच्यात नव्हतं त्यांना जपलंस," सुतार म्हणाला, आणि खिळा ठोकायला लागला.

दहाव्या दिवशी टोपली म्हणाली, "सर, कमरेत जरा दुखतंय." मुलाला शिंक आली तरी घरी पाठवणारे आमचे सर म्हणाले, "शेक घे. उद्या कमी करू." दुसऱ्या दिवशी त्यांनी कमी केले नाही. निवडीला पाच दिवस उरले असताना तिने दांडा डोक्यावर नेला, खाली बसली, आणि उठताना थांबली. दांडा पुढे पडला. ती ओरडली नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून हळूच चौथऱ्यावर आडवी झाली आणि पत्र्याकडे पाहत राहिली.

कमरेच्या मणक्याला तडा गेला होता. डॉक्टरांनी सहा महिने पट्टा बांधायला सांगितला. त्यानंतर चालेल, शाळेत जाईल, सगळे करेल. लोखंडाचे मात्र विचारू नका, म्हणाले.

निवड झाली. दुसरी मुले गेली. टोपलीला चौदा वर्षे पूर्ण झाली.

सर तिला रोज भेटायला जात, पण तिथे काय होते ते मला नंतर कळले. एके दिवशी त्यांनी मला हातात घेतले आणि सरळ धुलाईखाना गाठला. आई चादरी पिळत होती.

"ताई, पोरीला वाटतंय तिची पाठ वाकली म्हणून हे झालं. रोज माझी माफी मागते ती."

"ऐकते मी. घरीही तेच चालतं तिचं."

"तिची पाठ वाकली नव्हती. ती वाढीला लागली होती. मी मोजलं होतं, ताई. मला ठाऊक होतं. मी थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही."

आईने पिळलेली चादर ओट्यावर ठेवली. मला वाटले, आता ही मला हिसकावून त्यांच्याच पाठीत घालणार. घातली असती तर मी नाही म्हटले नसते.

"हे मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "तिला सांगा. मी नाही सांगायची. तुमच्या तोंडून ऐकू दे."

टोपली घरी खाटेवर पट्टा बांधून बसली होती. सर आत गेले ते उभेच राहिले. त्यांनी जसेच्या तसे सांगितले. काही झाकले नाही, 'तुझ्याच भल्यासाठी' असेही म्हणाले नाहीत. तेवढे मोठेपण त्यांच्यात उरले होते.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "किती वाढले होते?"

"दोन बोटं."

"मग सांगितलं का नाही, सर? तीन महिने काठी फिरवली असती. मी थांबले असते की."

"निवड गेली असती गं."

"गेलीच ना?"

सर खाली बसले. ओंजळीत तोंड लपवून लहान मुलासारखे रडले. टोपलीने त्यांच्याकडे पाहिले नाही, ती रागावलीही नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली. काही वेळाने म्हणाली, "सर, आता या. मला जरा आडवं व्हायचंय."

ती पुन्हा त्या खोलीत आली नाही. चालते, शाळेत जाते, असे येणाऱ्यांच्या बोलण्यातून कळते. टोपल्या मात्र आता तिची आईच उचलते. सर अजून शिकवतात, पण मुले चार-पाचच उरली आहेत. हल्ली नवे मूल आले की त्याला ते सगळे सांगतात. उंची किती वाढली, पाठ कशी आहे, आज लोखंड का नाही. मोठ्या माणसाशी बोलावे तसे समोर बसवून सांगतात. चांगले करतात. पण ज्या एका मुलीला हे सांगायचे होते, तिची वेळ निघून गेली आणि ती परत आणण्याची ताकद माझ्यात नाही, सरांत नाही, कुणातच नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे आई होईल, बाप होईल, कुणी गुरू होईल. देव तुमच्याही हाती एखादे गुणी लेकरू देईल. तेव्हा एवढे करा, त्याला खरे सांगा. तुझे शरीर आज थांब म्हणते आहे, असे सांगितले तर ते थांबते हो. मुलांना थांबता येते. मी इतकी वर्षे पाहत आले आहे, एका मुलानेही कधी मला नाकारले नाही. थांबणे जड जाते ते मोठ्यांना. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तेवढे वजन उचलायला मात्र आतापासून शिका.