सुझानाचे नातेवाईक कोण?

मी एक जुनं नाव आहे, मित्रांनो. सुझाना. बाईचं नाव असल्यामुळे बाईसारखीच बोलते, सवय करून घ्या. वय अडीच-तीन हजार वर्षं असावं, जन्मदाखला नाही. हिब्रू भाषेत मी शोशन्ना होते, म्हणजे लिलीचं फूल. काही विद्वान म्हणतात, गुलाब. ज्यांना फुलं ओळखता येत नाहीत त्यांनी माझा अर्थ लावला, तिथूनच माझे हाल सुरू झाले.

पुढे मी ग्रीकांकडे गेले, रोमनांकडे गेले, सुझान झाले, सूझी झाले. फ्रान्समध्ये माझ्या एका रूपाच्या नावाने गोड धिरडं करतात, संत्र्याचा रस घालून. वर पेटवूनही देतात. एवढा मान धिरड्याला. मी मात्र मिशनऱ्यांबरोबर बोटीने निघून शेवटी नाशकात, शरणपूरच्या एका शिक्षिकेकडे राहिले. तिथे बरं चाललं होतं. लोक सुझानाबाई म्हणत. दिवसातून वीसदा तरी मी कामाला येई.

सुझानाबाई दर शनिवारी चर्चसाठी फुलबाजारातून लिलीच्या जुड्या नेत. त्या विकायचे मखमलाबादचे सहादू आणि त्यांची बायको विमलाबाई. १९९० सालच्या एका शनिवारी विमलाबाईंना बाजारातच कळा सुरू झाल्या. सहादू इतके घाबरले की गिऱ्हाइकांना जुड्या देतच राहिले. सुझानाबाईंनी रिक्षा थांबवली आणि विमलाबाईंना दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. विमलाबाईंनी ठरवलं, नाव त्या बाईंचंच ठेवायचं.

बारशाला आत्या आली, शकुबाई. नाव ठेवायचा मान आत्याचा.

"हे कसलं नाव, वहिनी? आपल्यात नाय असलं."

"लिली असा अर्थ हाय त्याचा, वन्सं," विमलाबाई म्हणाल्या.

"लिली? त्यापेक्षा शेवंता ठेवा. हारात दिसती तरी. लिली नुसती भरतीला."

"लिलीवरच घर चालतंय आपलं," सहादू म्हणाले. बायकोची बाजू घ्यायची त्यांची ती पहिली आणि शेवटची वेळ.

आत्याने नाक मुरडत का होईना, मला बाळाच्या कानात सांगितलं. मी आत जाऊन नीट बसले. आता सत्तर-ऐंशी वर्षांची सोय झाली, असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून अख्खं घर तिला बेबी म्हणू लागलं.

बेबी. मी एवढे समुद्र ओलांडले ते रेशनकार्डात पडून राहायला. ते कार्ड पत्र्याच्या पेटीत, पेटी खाटेखाली. शाळेच्या हजेरीत मी होते खरी, पण वर्गात मुलं वाढली आणि बाई नंबर पुकारू लागल्या. सदतीस. हजर. सदतीसला कोणी आत्या नव्हती, तरी त्याला रोज हाक.

२००८ साली बेबीचं लग्न ठरलं, देवळ्याच्या ललितशी. पत्रिकेवर छापलं, चि. सौ. कां. बेबी. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरले आणि नवीन सुनेचं नवीन नाव ललितने अंगठीने लिहिलं, साधना.

"बेबी काय नाव असतं व्हय?" सासूबाई, यशोदाबाई म्हणाल्या. "आता आमची साधना."

बेबी हे नाव निदान जाहीरपणे पुसलं गेलं. मला पुसून टाकायचंही कोणाला सुचलं नाही. पुसायला आधी माहीत असावं लागतं.

वर्षभराने ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात विमलाबाईंनी रेशनकार्डावरचं नाव सांगितलं आणि मी केसपेपरवर चढले. ऑपरेशन करावं लागलं. सहादू आणि विमलाबाई कपडे आणायला घरी गेले होते. बाहेर बाकावर ललित आणि यशोदाबाई, साधना नावाची हाक येण्याची वाट पाहत.

सिस्टर दारात आली. "सुझानाचे नातेवाईक कोण?"

एकोणीस वर्षांत इतक्या मोठ्याने मला कोणी घेतलं नव्हतं. अर्धा क्षण मी सुखावले. बाकावरून कोणी हललं नाही.

"सुझानाचं कोणी आहे का? रक्त जास्त गेलंय. एक बाटली लागेल, घाई आहे."

"असंल कोणी मडमीण," यशोदाबाई म्हणाल्या. "बिचारीचं कोणीच आलं नाय. काय एकेक लोक."

"नवऱ्याला तरी पाहिजे ना अक्कल," ललित म्हणाला.

मित्रांनो, नावाला सगळं करता येतं, स्वतःला हाक मारता येत नाही. तिकडे ती पांढरी पडत चालली होती आणि इकडे हे दोघं तिच्या नवऱ्याला नावं ठेवत होते.

सिस्टरने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ललित उठला. माणूस वाईट नव्हता.

"सिस्टर, तिचं कोणी नसंल तर माझं घ्या रक्त. माझीपण बायको आतच हाय."

"तुम्ही पेशंटचे कोण?"

"कोणी नाय."

सिस्टरने केसपेपर पाहिला. "नवऱ्याचं नाव ललित, राहणार देवळा. असा कोणी माणूस बघितलात का?"

ललितने केसपेपर हातात घेऊन ते नाव स्वतः वाचलं. मग त्याने बाही वर केली.

ती वाचली. मुलगी झाली. संध्याकाळी ललित खाटेजवळ बसला, आई ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "सुझाना."

तिने डोळे उघडले आणि मान वळवून शेजारच्या खाटेवर कोण बाई आहे ते पाहिलं.

मित्रांनो, नाव ठेवलंत तर ते वापरा. वापरून झिजत नाही, मी तीन हजार वर्षांची साक्ष देते. तुमच्या घरातही अमक्याची आई, तमक्याची बायको म्हणवणारी कोणीतरी असेल. तिचं नाव विचारून घ्या आणि एकदा नीट हाक मारा. ती इकडेतिकडे पाहील. तेवढ्यावर सोडू नका, पुन्हा हाक मारा. ललितने मारली.